कठीण लाकूड म्हणजे चांगला बाण नव्हे

तुळजापूरच्या भवानीची मूर्ती तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. देवी अष्टभुजा आहे. तिच्या एका हातात धनुष्य आहे आणि एका हातात बाण. मूर्ती पाषाणाची, म्हणून तो बाणही पाषाणाचाच. पण खऱ्याखुऱ्या बाणाची काडी कोणत्या लाकडाची करावी, असे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून पाहा. कुऱ्हाडीला आणि कुदळीला दांडे बसवण्यात ज्याचा जन्म गेला तो सहज सांगेल, "बाभळीची करा, नाहीतर धावड्याची. लय चिवट लाकूड."

दांड्यापुरते त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. बाणापुरते मात्र मला ते पटत नाही.

हा विषय आजच काढण्याचे कारण असे. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे विश्वविजेते झाले. तेव्हापासून गावोगावच्या मुलांना धनुष्यबाणाची ओढ लागली आहे. त्या दोघांच्या बाणांच्या काड्या कार्बन तंतूंच्या असतात; त्या खेड्यातल्या मुलाने कोठून आणाव्यात? मग तो लाकडाच्या काड्या करतो. अशाच एका मुलाने फर्निचरच्या दुकानातून बाभळीच्या गोल, गुळगुळीत काड्या करून घेतल्या होत्या. दिसायला सुरेख! त्यांतली एक माझ्यादेखत, दोरी सुटताक्षणी मधोमध मोडली आणि तिचा अणकुचीदार तुकडा त्याच्या डाव्या मनगटात शिरला. लाकूड तर चिवट होते. मग काडी मोडली कशी?

मोडलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला. लाकडाच्या रेषा काडीच्या लांबीने जातच नव्हत्या. तिरप्या जाऊन बाजूने बाहेर पडत होत्या. लाकूड म्हणजे लांबट तंतूंची मोळी. तंतू तुटायला फार जोर लागतो, पण दोन तंतूंमधला जोड त्या मानाने सहज उकलतो. कुऱ्हाडीने लाकूड फोडले की ते रेषेरेषेने उकलते. करवतीला रेषेची पर्वा नसते. ती तंतू आडवे-तिरपे कापत सरळ निघून जाते. नंतर लेथवर काडी कितीही गोल केली तरी आतली तिरपी रेष तशीच राहते, आणि मोडायची वेळ आली की काडी तेथेच, बोरूला टाक कापावा तशी तिरकी मोडते. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की काडीचे लाकूड फोडून काढलेले असावे, आणि काडी फिरवून पाहिली असता रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड दिसाव्यात. लाकडाची जात त्यानंतर विचारावी.

आता दुसरी गंमत पाहा. बाण सरळ जातो असे आपण म्हणतो, पण सुटताना तो सरळ नसतो! दोरी मागून ढकलते, पुढे धनुष्याची मूठ आडवी येते, आणि काडी वाकते. उलट्या बाजूला वाकते. मासा पोहावा तशी वळवळत मुठीला वळसा घालून पुढे जाते. फार ताठ काडी पुरेशी वाकत नाही आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचिक काडी उजवीकडे जाते. म्हणजे काडीचा ताठपणा धनुष्याला साजेसा हवा. जास्तीत जास्त नव्हे.

हा ताठपणा तुम्हांला घरी मोजता येईल. ६६ सेंटिमीटर अंतरावर दोन आधार ठेवा, त्यांवर काडी आडवी ठेवून मधोमध ९०० ग्रॅम वजन टांगा, आणि मध्य किती खाली येतो ते पट्टीने मोजा. ज्या धनुष्याची दोरी पूर्ण ओढायला १२-१३ किलो वजनाइतके बळ लागते त्याला सुमारे २४ मिलिमीटर झुकणारी काडी चालते. दुप्पट बळाच्या धनुष्याला निम्मी झुकणारी. मात्र काडी घासताना सावध राहा. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. ८ मिलिमीटरची काडी घासून साडेसात केलीत, तर नुसता अर्धा मिलिमीटर गेला असे वाटेल, पण जवळजवळ पावभाग ताठपणा गेलेला असतो.

वजनाचेही तसेच. ८ मिलिमीटर जाड आणि ७५ सेंटिमीटर लांब काडी सागाची असेल तर २४-२५ ग्रॅम भरते, धावड्याची ३४ च्या आसपास. जड बाण वाईट नसतो. हळू जातो, पण खोल रुततो. वाईट असते ती सरमिसळ. सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटलेला बाण ३० मीटर जाईपर्यंत सुमारे पावणेदोन मीटर खाली येतो. वेग ४८ झाला तर आणखी १५ सेंटिमीटर. एकाच भात्यात तीन-तीन ग्रॅमांचा फरक असला तर एवढा घोटाळा सहज होतो, आणि मुलगा बिचारा आपल्याच नेमाला दोष देत बसतो. वीस काड्या करा, वजन आणि झोक मोजा, जुळणाऱ्या सहा ठेवा. उरलेल्या टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून लावा!

पूर्वीच्या लोकांना हे कळत होते असे मला वाटते. संस्कृतात 'शर' म्हणजे बाण, आणि 'शर' म्हणजे बोरूसारखे एक उंच गवतही. हलके, आणि तंतू लांबीने सरळ गेलेले. सातपुड्यातले भिल्ल बांबूच्या काड्या वापरत आले ते काही सागाचा तुटवडा होता म्हणून नव्हे. इंग्लंडचे 'मेरी रोझ' जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली वर काढले गेले. त्यावर हजारो बाण सापडले. बहुतेकांच्या काड्या पॉप्लर या मऊ लाकडाच्या होत्या. चिवट लाकडाचा मान धनुष्याचा. आपल्याकडची धामण त्या कामाची, म्हणून तर तिचे एक संस्कृत नाव धनुर्वृक्ष आहे.

हे सारे सांगण्यात माझा थोडा स्वार्थही आहे. आपल्या जिल्ह्यात जंगल अगदी थोडे. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात जे काही धावडे-बिवडे उभे आहेत त्यांना उभेच राहू द्या. बांधावरचा बांबू घरमालकाला विचारून घ्या.

काडी तयार झाल्यावर तिची निगा. मे महिन्यात आपल्याकडची हवा लाकूड वाळवून टाकते आणि जुलैत तेच लाकूड ओल पिऊन फुगते. दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत, म्हणून काडी वाकते. तिला जवसाचे तेल द्या. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्याचा पापुद्रा बनतो. शेंगदाण्याचे तेल तसे घट्ट होत नाही, नुसते चिकट राहून धूळ धरते. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उन्हात पसरून वाळवा. काड्या भिंतीला तिरक्या टेकवून ठेवायच्या नाहीत, दोऱ्याने उभ्या टांगायच्या. एखादी वाकलीच तर निखाऱ्यावर धरून, जळू न देता गरम करा. तंतूंना जोडणारे लिग्निन उष्णतेने मऊ होते. तेवढ्यात सरळ करून गार होईपर्यंत तशीच धरा.

आणि दर वेळी बाण दोरीला लावण्यापूर्वी तो फिरवत फिरवत हलकेच वाकवा, कानाशी धरून. बारीकसा 'कट्' ऐकू आला, किंवा नखाला चीर लागली, की तो बाण तेथेच दोन तुकडे करून टाका, म्हणजे धाकटा भाऊ तो उचलून पुन्हा भात्यात ठेवणार नाही.