खंय, हंय, थंय : दशावताराचा शब्द आणि ध्वनीची पट्टी

दशावतारी नाटकाची संहिता कोठे असते, हा प्रश्न मराठी शिकवणाऱ्यांना अधूनमधून पडतोच. ती छापलेली नसते. कंपनीचे लोक एखादे पौराणिक आख्यान ठरवतात, पात्रे वाटून घेतात, प्रवेशांचा क्रम लावतात. संवाद मात्र नट रंगस्थळी उभा राहिल्यावर त्याला सुचत जातात. म्हणजे ही संहिता ज्या क्षणी जन्मते, त्याच क्षणी ती ऐकली जावी लागते. छापील नाटकातील एखादे वाक्य निसटले तर पुस्तक उघडून पाहता येते. येथे न कळलेले वाक्य वाङ्मयातून कायमचे गेले. म्हणूनच जत्रेतील ध्वनियोजना हा मंडपवाल्यावर सोपवून मोकळे होण्याइतका किरकोळ विषय नाही, असे आमचे मत आहे.

कार्तिकापासून सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर नाटके रंगतात. जागा बहुधा एकसारखी : जांभ्याच्या भिंती, वर पत्रा, मध्ये एक बाकडे. नटासमोर माईक, आणि नटापासून हातभर अंतरावर पखवाज, झांज व हार्मोनियम. कडक भिंती आणि पत्रा ध्वनी शोषून घेत नाहीत, परत फेकतात. स्पीकरमधून निघालेला आवाज माईकमध्ये शिरतो, तेथून पुन्हा स्पीकरकडे जातो. या फेऱ्यात ज्या कंप्रतेचा आवाज प्रत्येक वेळी थोडा थोडा वाढत जातो, ती कंप्रता शेवटी एकटीच किंचाळू लागते. प्रेक्षक तिला ‘शिट्टी’ म्हणतात. ती आली की साऱ्या नजरा ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याकडे वळतात आणि त्याचा हात ग्राफिक इक्वलायझरकडे जातो.

या यंत्राचे नाव त्याच्या दर्शनी रूपावरून पडले आहे. शेजारी शेजारी उभे फेडर असतात आणि त्यांची टोके मिळून एक आलेख दिसतो. इक्वलायझर म्हणजे समतोल साधणारा. दूरध्वनीच्या लांब तारांतून जाताना आवाजाचे जे अंश क्षीण होत, ते भरून काढण्याच्या खटपटीतून हा शब्द आला. पुढे १९६० च्या दशकात टेक्सास विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ सी. पी. बोनर यांनी अरुंद गाळण्या वापरून सभागृहांतील अशा शिट्ट्यांचा बंदोबस्त करण्याचे काम केले. आज प्रचारात असलेल्या मोठ्या पट्टीवर ३१ फेडर असतात आणि ते २० ते २०,००० हर्ट्झ हा पल्ला वाटून घेतात. लगतच्या दोन फेडरमध्ये एक तृतीयांश सप्तकाचे, म्हणजे सा ते शुद्ध ग एवढे, अंतर असते. हे ध्यानात घेतले म्हणजे कळते की एक फेडर खाली ओढणे ही सुईची टोचणी नव्हे. नायकाच्या गाण्यातले दोन-चार स्वरही त्यासोबत दबतात.

खरी अडचण पुढे आहे. शिट्टी पुष्कळदा १,००० ते ४,००० हर्ट्झच्या टापूत येते आणि शब्दाचा अर्थही मुख्यतः त्याच टापूत राहतो. आवाजाची ताकद स्वरांत, खालच्या कंप्रतांत असते; पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. मालवणीत ‘खंय’ म्हणजे कोठे, ‘हंय’ म्हणजे येथे, ‘थंय’ म्हणजे तेथे. तिन्हींत फरक आहे तो पहिल्या व्यंजनाचा. शिट्टीच्या भीतीने हा सगळा टापू सरसकट कापला की प्रेक्षकापर्यंत नुसते ‘अंय’ पोचते. आवाज आला, बोलणे पोचले नाही. आडदशावतारातील संकासुराने वेद पळवले होते. येथे संकासुराचाच विनोद पळवला जातो.

याला आणखी एका अभिरुचीची साथ मिळते. मिरवणुकीतील आणि नाचगाण्यातील ध्वनीची सवय झालेले कान खालचा दणका व वरचा छणछणाट मागतात. फेडरची दोन्ही टोके वर आणि मध्य खाली, असा होडीसारखा आलेख मग जत्रेतही कायमचा लावून ठेवलेला दिसतो. पखवाजाची थाप छातीत घुमते, झांज कानात टोचते, आणि त्या होडीच्या तळाशी नटाचे भाषण बुडते. चौकातील पखवाजाला माईकची गरज असते का, हे एकदा माईक बंद करून ऐकायला कोणाची हरकत आहे?

यावर उपाय आहे, आणि तो काटकसरीचा आहे. नाटकापूर्वी माईक चालू ठेवून आवाज हळूहळू वाढवावा, पहिली शिट्टी कोणत्या फेडरची ते शोधावे, तो तेवढाच तीन ते सहा डेसिबलने उतरवावा. अशा दोन-तीन जागा सापडल्या की थांबावे. वाढवण्यापेक्षा कमी करणे, आणि कमी करण्यातही हात आखडता घेणे, ही शिस्त संपादनाचीच आहे. चांगला संपादक परिच्छेद छाटत नाही, खटकणारा शब्द काढतो. मात्र चुकीच्या जागी उभा केलेला स्पीकर कोणताही फेडर सुधारू शकत नाही. स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून असावा आणि माईक नटाच्या तोंडाजवळ असावा, ही पहिली पायरी आहे, इक्वलायझर त्यानंतरचा.

मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज, ही समजूत आता महागातही पडू लागली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरील ध्वनिवर्धकावर बंधन घातले; राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत, तेही मध्यरात्रीपर्यंतच, सवलत देता येते. रात्रभर चालणाऱ्या कलेपुढील हा पेच सोपा नाही. तरीही कमी आवाजात प्रत्येक शब्द कळेल अशी योजना करणाऱ्या कंपनीला गावापुढे आणि कायद्यापुढे आपली बाजू अधिक ठामपणे मांडता येईल, एवढे निश्चित.

२०२५ साली ‘दशावतार’ चित्रपट आला आणि या कलेकडे पुष्कळांचे लक्ष नव्याने गेले. चित्रपटातील शब्द ध्वनिमुद्रणानंतरही घासूनपुसून घेता येतो. देवळाच्या चौकात ती सोय नाही. तेव्हा कंपनीने ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला पेटीवाल्या-पखवाजवाल्याइतकाच आपला मानावा, आख्यान कोणते आणि बोलणारी पात्रे कोण हे त्याला आधी सांगावे, आणि त्याचे टेबल पडद्यामागून काढून प्रेक्षकांत मांडावे. जत्रेच्या समितीनेही किती स्पीकर लावले याचा हिशेब ठेवण्याऐवजी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला काय कळले, ते सकाळी विचारावे. नाटकाची संहिता त्या रात्री कितपत शाबूत राहिली, हे तीच सांगू शकेल.