केंद्रकी ठळक आहेत म्हणजे काय?

कोल्हापुरांतील एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांच्या सासूबाईंच्या स्तनांत गांठ निघाली, सुईनें काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा कागद घरीं आला, आणि डॉक्टरांनीं इतर मजकूर समजावून दिला तरी ‘केंद्रकी ठळक आहेत’ अशा अर्थाचें एक वाक्य तसेंच राहून गेलें. त्याचा अर्थ काय, असा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांनीं पत्राच्या समासांत, बारीक अक्षरांत लिहिला आहे: घरांतील वडील मंडळींनीं सासूबाईंचें ताट व पेला निराळा काढला आहे, हें योग्य कीं अयोग्य?

दुसऱ्याचें उत्तर आधीं देतों, कारण त्यास एक ओळ पुरते. स्तनाचा कर्करोग उष्ट्यानें, स्पर्शानें वा श्वासानें एकाचा दुसऱ्यास होत नाहीं. ताट व पेला आजच्या आज मांडणीवर परत ठेवावा. पहिल्या प्रश्नास मात्र थोडा विस्तार लागेल.

देहांतील बहुतेक पेशींत एक केंद्रक असतें, आणि त्या केंद्रकांत सूक्ष्मदर्शकाखालीं गडद दिसणारा ठिपका असतो; तीच केंद्रकी. शरीराचीं प्रथिनें तयार करणारीं जीं रायबोझोम नांवाचीं अतिसूक्ष्म यंत्रें, त्यांची जुळणी मुख्यतः येथें होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरांत ज्यांनीं फौंड्री व तिच्या शेजारचें यंत्रशाळेचें काम पाहिलें आहे, त्यांस हें चटकन उमगेल. माल काढणारें यंत्र आधीं कोणी तरी घडवावें लागतें. केंद्रकी ही यंत्रें घडविणारी शाळा होय.

मनुष्याच्या एका रायबोझोमांत सुमारें ८० प्रथिनें व आर. एन. ए. च्या लहानमोठ्या चार सांखळ्या असतात. जॉर्ज पॅलाडे यांनीं हे कण १९५५ च्या सुमारास विद्युत्कणांच्या सूक्ष्मदर्शकांतून पाहून वर्णिले. त्यांची अंतर्गत रचना उलगडल्याबद्दल २००९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक ज्या तिघांस मिळालें, त्यांत वेंकटरामन रामकृष्णन हे एक होते. त्यांचें शिक्षण बडोद्यास झालें, आणि बडोदें आम्हां मराठी मंडळींस परकें नव्हे.

आतां कर्करोगाकडे वळूं. वेगानें वाढणाऱ्या पेशीस प्रथिनें पुष्कळ लागतात, म्हणून यंत्रेंही पुष्कळ लागतात, म्हणून यंत्रशाळा फुगते. इटलींतील पियानेझे यांनीं कर्करोगाच्या पेशींतील मोठ्या केंद्रकींची नोंद १८९६ सालींच केली होती. डॉ. कमल रणदिवे यांचें स्मरण येथें होतें. पुण्याच्या समर्थ घराण्यांत १९१७ सालीं त्यांचा जन्म झाला, मुंबईस डॉ. खानोलकरांच्या हाताखालीं काम करून १९४९ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली, पुढें बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत त्या काम करून आल्या, आणि मुंबईस परतून त्यांनीं पेशी कांचेंत वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली. गाय यांच्याच प्रयोगशाळेंत १९५१ सालीं एका रुग्ण स्त्रीच्या गांठींतील पेशी अखंड वाढूं लागल्या होत्या. अशी एक पेशी दर मिनिटास रायबोझोमांचे हजारों भाग जुळविते, असा हिशेब नंतरच्या संशोधकांनीं मांडला.

परंतु केवळ संख्येनें सारें उलगडत नाहीं. केंद्रकींत आर. एन. ए. च्या अगदीं आंखूड सांखळ्याही असतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाहीं, म्हणून पुष्कळ वर्षें त्यांच्याकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. वस्तुतः त्या खडूची खूण करणाऱ्या मुकादमासारख्या आहेत: रायबोझोमच्या सांखळीवर नेमक्या कोणत्या जागीं रासायनिक फेरफार करावयाचा, हें त्या दाखवितात. अशा जागा मनुष्यांत सुमारें २०० आहेत. कांहीं कर्करोगांत या मुकादमांची संख्या वाढलेली वा घटलेली आढळते. खुणा चुकल्या म्हणजे यंत्र चालतें, परंतु कोणता माल अधिक काढावयाचा ही त्याची निवड बदलते, असें आतां दिसूं लागलें आहे. याहूनही आंखूड अशी सूक्ष्म आर. एन. ए. ची जात निराळी. ती प्रथिनांच्या हुकुमांवर लगाम घालते. तिचा पहिला नमुना १९९३ सालीं एका क्षुद्र कृमींत सांपडला, आणि त्याबद्दल अँब्रोस व रुव्हकुन यांस २०२४ चें नोबेल मिळालें.

आम्हांस सर्वांत नवल वाटतें तें याचें, कीं यंत्रें कमी पडलीं तरीही धोका असतो. डायमंड-ब्लॅकफॅन नांवाचा बालकांचा जन्मजात पंडुरोग रायबोझोमच्या एका प्रथिनाच्या दोषामुळें होतो, हें १९९९ सालीं कळलें. पुढें आणखी तशींच प्रथिनें निघालीं. या बालकांस रक्त पुरत नाहीं, आणि मोठेपणीं कर्करोगाचा धोका मात्र इतरांपेक्षां अधिक राहतो. याचा पुरता उलगडा अद्याप झालेला नाहीं. उलट, जुळणी थांबविली तर कर्करोगाची पेशी अडचणींत येते. न जुळलेले सुटे भाग साचतात, ते पी-५३ नांवाच्या पहारेकऱ्यास मोकळा करतात, आणि तो पेशीस थांबवितो किंवा मारतो. ॲक्टिनोमायसिन हें जुनें औषध निदान अंशतः असेंच काम करतें. मात्र ज्या गांठींत हा पहारेकरी स्वतःच बिघडला आहे, तेथें ही युक्ति लंगडी पडते.

कोल्हापुरासही या शास्त्रांत भाग आहे. १९६२ सालीं स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागांत, रायबोझोमकडे कच्चा माल वाहून नेणाऱ्या आर. एन. ए. वरील अशाच फेरफारांच्या रचनेचा अभ्यास संगणकाच्या साह्यानें झाला आहे. असे फेरफार झालेले तुकडे शरीर पुन्हा वापरूं शकत नाहीं. ते लघवीवाटे बाहेर पडतात, व कर्करोगाच्या पुष्कळ रुग्णांत त्यांचें प्रमाण वाढलेलें असतें. परंतु तें इतर आजारांतही वाढतें, म्हणून त्यावरून निदान करतां येत नाहीं. रक्तांतील सूक्ष्म आर. एन. ए. तपासून कर्करोग आधींच सांगूं, अशा जाहिराती वाचकांच्या नजरेस आल्या असतील. सुईनें तुकडा काढून तपासण्याची जागा घेईल अशी तपासणी आज यांत नाहीं; तिच्या नादीं लागून तुकड्याची तपासणी लांबविणें म्हणजे वेळ गमावणें होय.

आतां त्या वाक्याकडे परत येतों. ठळक केंद्रकी म्हणजे पेशी कामाच्या घाईंत आहे, इतकेंच. यकृताच्या निरोगी पेशींतही त्या दिसतात, जखम भरून येतांनाही दिसतात. स्तनाच्या गांठीची प्रत ठरवितांना तज्ज्ञ तीन गोष्टींस प्रत्येकीं १ ते ३ गुण देतात: पेशी नळीसारखी मांडणी कितपत धरतात, केंद्रकें किती विषम आहेत, आणि विभाजनें किती चाललीं आहेत. केंद्रकींचा विचार दुसऱ्या गोष्टींत येतो. बेरीज ३ ते ५ झाली तर पहिली प्रत, ६ किंवा ७ झाली तर दुसरी, ८ किंवा ९ झाली तर तिसरी. भगिनींनीं कागदावर ही बेरीज शोधावी. ती नसेल तर पुढच्या भेटींत विचारावी, व सोबत हेंही विचारावें कीं गांठीची संप्रेरकांची व हर-२ ची तपासणी झाली आहे काय, कारण औषध बरेंचसें त्यावर ठरतें. त्या भेटीस सासूबाईंस सोबत न्यावें. कागद त्यांचा आहे, आणि तो त्यांच्यापासून लपविला जात असावा असें पत्राच्या सुरावरून आम्हांस वाटलें.