चारमिनारच्या कमानीतला ऐन

‘चाचा, हा झिजलेला आहे. मोडीतच जाईल.’

बीडच्या सराफ्यातल्या एका दुकानात परवा हे ऐकलं. पुढ्यात दादीच्या बटव्यातले पाच हाली रुपये होते. चारांना कडी डाख दिलेली, म्हणजे ते कधीकाळी गळ्यातल्या माळेत होते. ते मोडीत गेले तरी माझी तक्रार नाही, कडी लावलेल्या नाण्याला संग्राहक फारसं विचारत नाही. पाचवा मात्र कोरा, बिनकडीचा, मीर उस्मान अली खानांच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतला. दुकानदाराने तो अंगठ्याने चोळला (हे पाहूनच माझं डोकं फिरलं), उजेडात धरला आणि निकाल दिला: कमानीतलं अक्षर खालून पुसलंय, एका मिनाराचं टोक सपाट झालंय. मग तराजू. 11.18 ग्रॅम वजन, त्यात चांदी 81.8 टक्के. इंग्रजी रुपयात ती साडेएक्याण्णव टक्क्यांच्या वर असायची, म्हणून हालीला मोडीचा भावही कमी. हिशेब संपला.

दुकानदार बेईमान होता असं मी म्हणत नाही. तो अडाणी होता, आणि त्याचं अडाणीपण आपण सगळ्यांनी मिळून पोसलेलं आहे. भांडण त्याच्याशी आहेच, पण त्याहून जास्त आपल्याशी आहे.

आधी अक्षराचं बघू. चारमिनारच्या रुपयावर मधल्या कमानीत एक अक्षर असतं. महबूब अली खानांच्या नाण्यावर मीम, उस्मान अली खानांच्या नाण्यावर ऐन. राजाच्या नावाचं पहिलं अक्षर. आता ऐन दोन तऱ्हेने लिहितात. शब्दाच्या सुरुवातीला आला तर नुसतं डोकं, सुटा असला तर खाली मोठी वळलेली शेपूट. उस्मान अलींच्या सुरुवातीच्या रुपयांवर नुसत्या डोक्याचा छोटा ऐन आहे, पुढच्यांवर शेपटीसकट पूर्ण ऐन. संग्राहक हे दोन वेगळे प्रकार मानतात. म्हणजे दुकानदाराला जे ‘खालून पुसलेलं’ दिसलं, ते तिथं कधी नव्हतंच! जी शेपूट ठशात कोरलीच नाही, ती झिजणार कशी? ज्याला अलिफ-बे येत नाही तो या नाण्याची प्रत ठरवायला बसतो, आणि आपण मान डोलावून पैसे मोजून घेतो.

मिनाराचं प्रकरण थोडं वेगळं. तिथं खरंच सपाटपणा होता, पण सपाटपणाची दोन कारणं असतात. एक झीज: नाणं हातोहात फिरलं, उंच भाग घासले गेले. दुसरं कच्चा ठसा: टाकसाळीत दाब कमी पडला, साचा बारीकसा कलला किंवा वापरून वापरून थकला, आणि धातू साच्याच्या खोल भागात पोचलाच नाही. दोन्ही लांबून सारखे दिसतात. जवळून अजिबात नाही. झीज असेल तर सगळेच उंच भाग थोडेथोडे जातात, कडा गुळगुळीत होते, काठावरच्या रेघा बोथट होतात, आणि झिजलेली जागा राखाडी, मेलेली दिसते. कच्च्या ठशात एकच कोपरा अंधुक, बाकी सगळं धारदार. अंधुक जागेवर मूळ चकतीचा खरखरीतपणा आणि तेज तसंच असतं. नाणं दिव्याखाली हळू फिरवलं की प्रकाश तिथूनही सरकतो. आणखी एक साधी कसोटी, नाणं उलटून नेमक्या त्याच जागेची मागची बाजू बघायची. माझ्या रुपयावर डाव्या मिनाराच्या बरोबर मागे ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’ मधली दोन अक्षरंही पुसट आहेत. बोटांनी झिजलेलं नाणं दोन्ही बाजूंनी एकाच ठिपक्यावर झिजत नाही. हे नाणं फारसं फिरलेलंच नाही. टाकसाळीतून निघालं आणि बटव्यात गेलं.

हे काही माझं वेड नाही. अमेरिकेत जेफरसनचं पाच सेंटचं निकेल आहे, 1938 पासूनचं. त्याच्या मागे माँटिसेलो या त्याच्या घराचं चित्र. संग्राहक भिंग लावून त्या घराच्या पायऱ्या मोजतात. पाच किंवा सहा पायऱ्या अखंड उमटल्या असतील तर त्याच वर्षाच्या, तितक्याच कोऱ्या नाण्याचा भाव कितीतरी चढतो. निकेलमिश्रित धातू कडक, साच्यात नीट भरत नाही, म्हणून पूर्ण पायऱ्या दुर्मीळ. तिकडे 1 ते 70 अशी श्रेणी आहे; 60 च्या पुढे न वापरलेली नाणी येतात. पण 65 चं नाणंसुद्धा पायऱ्या अर्धवट असलेलं असू शकतं, आणि ते तसं वेगळं नोंदवतात. झीज वेगळी, ठसा वेगळा. त्यांच्या पाच सेंटच्या तुकड्याला हा न्याय, आणि आपल्या चांदीच्या रुपयाला अंगठा.

आता आपल्या माणसांकडे येतो. रागवा खुशाल.

या नाण्यावर 92 हा आकडा आहे. अबजद हिशेबाने मीम 40, हे 8, मीम 40, दाल 4. ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक आहे त्यांतले निम्मे त्याचा तावीज करतात, भोक पाडून पोराच्या गळ्यात घालतात. दुसरे 786 नंबरची नोट ‘लाखात जाते’ म्हणून गुंडाळून ठेवतात आणि मोबाईलवर येणाऱ्या ठगाला आगाऊ फी भरतात. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत आपल्या नावाने फी मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगावं लागलं. आणि ईद आली की चिंच, राख, भांड्यांची पावडर! नाणं लख्ख होतं, घरच्यांना आनंद होतो, आणि पृष्ठभागावर केसासारख्या हजार रेघा पडून त्याची प्रत कायमची जाते. पन्नास वर्षांचा हातवापर जितकं बिघडवणार नाही तितकं अम्मीच्या एका दुपारीने बिघडतं. काळवंडणं हा डाग नाही हो, ते चांदीचं वय आहे.

एक टोमणा मला हमखास ऐकावा लागतो, विशेषतः 17 सप्टेंबरच्या आसपास. ‘निझामाची नाणी कशाला जपता?’ रझाकारांनी मराठवाड्यात जे केलं त्याचा एक शब्दही मी माफ करत नाही. पण हा रुपया काही निझामाच्या तिजोरीतच राहिला नव्हता. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब बीडच्या बाजारात शेतकऱ्याला, साळ्याला, वाण्याला तोंडपाठ होता. याच नाण्यांत शेतसारा भरला गेला आणि हुंडा मोजला गेला, आणि त्यांची माळ दादीच्या गळ्यात होती तशी शेजारच्या पाटलिणीच्याही. त्याच सरकारच्या नोटांवर उर्दूसोबत मराठीही छापलेली असायची. वितळवली की ती फक्त निझामाची उरतात, कारण वापरणाऱ्यांचा पुरावा मुशीत जातो.

सराफांनी मोडीच्या पावतीवर नुसतं वजन लिहू नये. हाली रुपया असेल तर साल आणि कमानीतलं अक्षरही लिहावं. येत नसेल तर विचारावं. आणि आपण आपल्या पोरांना निदान एवढी अक्षरं शिकवावीत की घरातलं नाणं उलटं धरलंय की सुलटं ते त्यांना कळेल. मी मराठीत लिहितो, मराठीत स्वप्नं बघतो. त्यासाठी ऐन विसरायची गरज मला कधी पडली नाही.

चार रुपये त्या दुकानात गेले. पाचवा परत आणला. भाचा म्हणाला, ‘मामू, घासून देऊ?’ त्याला बसवलं, भिंग दिलं, नाणं काठाला धरायला शिकवलं. मग त्याच्याच हाताने कागदी पाकिटावर लिहून घेतलं: हैदराबाद, एक रुपया. ऐन छोटा. डावा मिनार कच्चा, झीज नाही. घासू नये.