विश्लेषण : मतभेद कायम ठेवून ख्रिस्ती-मुस्लिम संवाद कसा होतो? जुन्नरच्या ‘हबशी’ शब्दाशी काय संबंध?

जुन्नरजवळच्या हापूसबागेत हबशी महालाचे अवशेष आहेत. गावाचे नावही ‘हबशीबाग’वरून आल्याचे सांगतात. हबशी म्हणजे अबिसीनियातले, आजच्या इथिओपिया परिसरातले लोक. तिथून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि त्याच्या काळात जुन्नर काही वर्षे राजधानी होते. ख्रिस्ती-मुस्लिम संवादाचा सर्वांत जुन्यांपैकी एक प्रसंगही याच अबिसीनियातला आहे.

नेमके काय घडले?

इस्लामी परंपरेनुसार, इ. स. ६१५च्या सुमारास मक्केतील छळामुळे प्रेषित मुहंमदांचे काही अनुयायी अबिसीनियात गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. त्यांना परत न्यायला मक्केचे दूतही पोहोचले. दरबारात जाफर यांनी कुराणातील मरियमविषयीच्या आयती म्हटल्या. येशूबद्दल विचारताच, तो अल्लाहचा दास आणि प्रेषित आहे, असे स्पष्ट सांगितले. धर्मगुरू नाराज झाले, पण राजाने आश्रय काढून घेतला नाही. पुढे राजानेही इस्लाम स्वीकारला, असे ही परंपरा मानते. आश्रयासाठी मात्र कुणावरही धर्माची अट नव्हती.

चर्चची भूमिका काय?

ख्रिस्ती धर्मशास्त्रात ढोबळमानाने तीन विचार आहेत. तारण ख्रिस्तावरील श्रद्धेनेच मिळते, हा पहिला. ख्रिस्ताची कृपा इतर धर्मीयांपर्यंतही पोहोचते, हा दुसरा. सर्व धर्म ईश्वराकडे नेणारे मार्ग आहेत, हा तिसरा. कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी स्वीकारला. मुस्लिम एकाच ईश्वराची उपासना करतात, येशूला प्रेषित मानतात आणि मरियमचा आदर करतात, असे त्यात म्हटले आहे. ते येशूला ईश्वर मानत नाहीत, हेही त्यात नोंदवले आहे. २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुले पत्र लिहिले. ईश्वरावरील आणि शेजाऱ्यावरील प्रेम हा दोघांचा समान पाया असल्याचे त्यांनी त्यात मांडले.

मग अडचण कुठे?

संवादाआडून धर्मांतर होईल, अशी एका बाजूला शंका असते. आपली श्रद्धा पातळ होईल, अशी दुसऱ्या बाजूला भीती. व्हॅटिकनच्या १९९१च्या दस्तऐवजानुसार संवाद आणि धर्मप्रसार ही दोन्ही चर्चची कामे आहेत, पण एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणजे शंका अगदीच निराधार नाही. ती झाकण्यापेक्षा आपली भूमिका आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते. जाफर यांनी तेच केले होते.

सामान्यांसाठी याचा अर्थ काय?

त्याच दस्तऐवजात संवादाचे चार प्रकार आहेत : रोजच्या जगण्यातला, एकत्र कामाचा, धर्मशास्त्राचा आणि आध्यात्मिक अनुभवाचा. जुन्नर, मंचर किंवा घोडेगावच्या बाजारपेठेत पहिला प्रकार कुणाच्या परवानगीशिवाय चालतो. त्रैक्यावर तिथे एकमत होणार नाही आणि तशी गरजही नाही. शेजाऱ्यावर संकट आले, तर त्याचा धर्म न विचारता दार उघडले जाते का, एवढेच पाहायचे.