खेद अमेरिकेचा, घरे शेख जर्राहची

२ ऑगस्ट २००९ च्या पहाटे पूर्व जेरुसलेममधील शेख जर्राह वस्तीत इस्रायली पोलीस घुसले आणि दोन पॅलेस्टिनी कुटुंबांतील पन्नासएक माणसे त्यांनी रस्त्यावर काढली. त्यात लेकरेही होती. त्याच दिवशी त्या घरांत ज्यू वसाहतवादी राहायला आले. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी हा प्रकार ‘अत्यंत खेदजनक’ असल्याचे सांगून चिथावणीखोर कृत्ये थांबविण्याचे आवाहन केले. बेघर झालेली माणसे मात्र आपल्याच घरासमोर फुटपाथवर बसून परक्यांची ये-जा पाहत राहिली.

ही माणसे घुसखोर नव्हती. १९४८ मध्ये घरदार गमावलेल्या २८ निर्वासित कुटुंबांना १९५६ मध्ये जॉर्डन सरकार आणि संयुक्त राष्ट्रांची मदतसंस्था यांच्या करारातून ती घरे मिळाली. १९६७ मध्ये इस्रायलने पूर्व जेरुसलेम बळकावले आणि १९७० मध्ये कायदा केला की, १९४८ पूर्वी तेथे ज्यूंची मालमत्ता असेल तर ती त्यांना परत मागता येईल. मग पॅलेस्टिनींनी हैफा-जाफात आणि पश्चिम जेरुसलेममध्ये गमावलेल्या घरांचे काय? १९५० च्या कायद्याने ते ‘अनुपस्थित’ मालक ठरले आणि मालमत्ता सरकारजमा झाली! एकाचा जुना कागद चालतो, दुसऱ्याचा चालत नाही; कोणाचा चालणार हे जन्मावरून ठरते. असा कायदा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

अमेरिकेला हे ठाऊक नाही काय? मे २०२१ मध्ये याच वस्तीतील आणखी कुटुंबांवर टांगती तलवार आली, तेव्हा बायडेन यांच्या सुरक्षा सल्लागारांनी फोन करून इस्रायलला ‘गंभीर चिंता’ कळविली. त्याच महिन्यात इस्रायलला ७३.५ कोटी डॉलरची शस्त्रे विकण्याचा व्यवहारही पुढे सरकला. शिवाय २०१६ च्या करारानुसार १० वर्षांत ३८०० कोटी डॉलरची लष्करी मदत आहेच. ज्याच्या हाती थैलीची दोरी, त्याची चिंता आम्ही कशी खरी मानावी? ही दोरी आवळता येते. १९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी वसाहतींच्या प्रश्नावर १००० कोटी डॉलरच्या कर्जाची हमी अडवून धरली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये बायडेन यांनी पश्चिम किनाऱ्यावरील हिंसक वसाहतवाद्यांवर निर्बंध घालण्याचा आदेश काढला. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, पदावर येताच, तो रद्द केला.

आपले सरकारही यात मागे नाही. १६ मे २०२१ रोजी सुरक्षा परिषदेत भारताने शेख जर्राहचे नाव घेऊन चिंता व्यक्त केली आणि ११ दिवसांनी मानवाधिकार परिषदेत चौकशी आयोगाचा ठराव आला, तेव्हा तटस्थ राहून हात झटकले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये चार कुटुंबांपुढे न्यायालयाची तडजोड आली: वसाहतवाद्यांच्या कंपनीला भाडे भरा आणि संरक्षित भाडेकरू म्हणून राहा. भर हिवाळ्याच्या तोंडावर, डोक्यावरचे छत पणाला लावून, त्यांनी ती नाकारली. १ मार्च २०२२ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाला, मालकीचा वाद मिटेपर्यंत, त्यांना त्याच घरांत राहू द्यावे लागले.