दाखवायचे दात

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, या म्हणीचा रोकडा प्रत्यय ज्याला हवा असेल त्याने सोमालियाचे हत्तीछाप चांदीचे नाणे पाहावे. एका बाजूस सोमालियाचे राजचिन्ह, दुसऱ्या बाजूस ऐटदार हत्ती. मूल्य 100 शिलिंग, वजन एक औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम. 2004 सालापासून दरवर्षी नवे चित्र घेऊन हे नाणे पाडले जाते. कोठे? मोगादिशूत नव्हे, तर जर्मनीतील म्युनिकमध्ये, बव्हेरियाच्या सरकारी टांकसाळीत!

आरंभाचे सालही बोलके आहे. 1991 मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि सोमालियात मध्यवर्ती सत्ताच उरली नाही. 2004 मध्ये हंगामी सरकार बनले, तेही शेजारच्या केनियात, नैरोबीत. ज्या राज्याला स्वतःच्या राजधानीत बसता येत नव्हते, त्याच्या सार्वभौमत्वाचा शिक्का मात्र युरोपात खणखणीत वाजू लागला.

आणि ज्यांचे हे 'राष्ट्रीय चलन', त्या जनतेच्या हाती काय? टोळीप्रमुखांनी व व्यापाऱ्यांनी छापून आणलेल्या नोटा. चलनातील सुमारे 98 टक्के नोटा बनावट असल्याचे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेच 2017 साली सांगितले. खोटा कागद सोमाली श्रमिकाला, खरी चांदी परदेशी तिजोरीला, अशी ही वाटणी आहे. 2011 च्या दुष्काळात सुमारे 2 लाख 60 हजार माणसे मेली. त्यांतील निम्मी पाच वर्षांखालील मुले होती. त्याही वर्षी चांदीचा हत्ती वेळेवर बाजारात आला.

'हा निरुपद्रवी छंद आहे, त्याने वन्यजीवांविषयी आस्थाच वाढते', असा युक्तिवाद केला जाईल. त्याचे उत्तर हत्तीनेच दिले आहे. शिकार आणि यादवी यांनी सोमालियातील हत्ती जवळजवळ संपवले. 2016 मध्ये गळपट्टा लावलेला मॉर्गन नावाचा नर केनियातून सीमा ओलांडून गेला, तेव्हा वीस वर्षांत तेथे नोंदला गेलेला तो पहिला हत्ती ठरला. तो रात्री चाले, दिवसा झाडीत दडे. दीड दिवसाच्या आत तो परतला. नाण्यावर दरवर्षी नवा हत्ती, रानात मात्र दीड दिवसाचा पाहुणा!

रोष छांदिष्टांवर नाही. गरीब राष्ट्राचे नाव, शिक्का आणि पशू यांनाही विक्रीचा माल ठरवणाऱ्या व्यवस्थेवर तो आहे. सार्वभौमत्व जनतेच्या ताटात, कामात आणि मतात नांदते. मखमली डबीत घालून जे विकले जाते, ते त्याचे कलेवर होय.