निबंध उसना, विचारही उसना

सत्राची अखेर जवळ आली की महाविद्यालयांतून प्राध्यापकांच्या टेबलावर निबंधांचे गठ्ठे साचू लागतात. मुखपृष्ठे देखणी, छपाई स्वच्छ, भाषा गुळगुळीत. परंतु त्यात लिहिणारा विद्यार्थी कोठेच भेटत नाही. एकेकाळी बाजारातील गाईड पाठ केले जाई. पुढे इंटरनेटवरचा मजकूर उतरवला जाऊ लागला. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर उतरवण्याचेही कष्ट उरले नाहीत. साधने बदलली, वृत्ती तीच राहिली.

याचे सारे खापर विद्यार्थ्यांच्या माथी फोडणे न्यायाचे नाही. आपण गुण देतो ते तयार निबंधाला. तो कसा सिद्ध झाला, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक निबंधलेखनाचे खरे शिक्षण त्या वाटचालीतच असते. विषयातून नेमका प्रश्न काढणे, त्यासाठी वाचणे, टिपणे घेणे, आराखडा आखणे, कच्चा खर्डा लिहिणे आणि मग तो निर्दयपणे खोडून पुन्हा लिहिणे, या प्रत्येक पायरीवर बुद्धीची मशागत होते. विरोधी मताचा सर्वांत बळकट मुद्दा समजून घेऊन त्याला उत्तर द्यावे लागते, तेव्हाच स्वतःचे मत घोषणेच्या पातळीवरून विचाराच्या पातळीवर येते.

महाराष्ट्राला तरी हे नव्याने सांगावयास नको. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे, सरकारी शाळेतील शिक्षक होते. मालेचे ८४ अंक निघाले. शास्त्रीबुवांनी जॉन्सन, मेकॉले आदी इंग्रज लेखकांचा कसून अभ्यास केला होता. निबंधाचा घाट त्यांनी तिकडून घेतला. पण त्यात ओतला तो स्वभाषेचा आणि स्वदेशाचा अभिमान. ज्या मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाने आपल्या शिक्षणाची दिशा पालटली, त्याच्याच शैलीचा अभ्यास करून मराठी मनाला जागे करणारे गद्य घडले! परक्यांचे साधन घेण्यात कमीपणा नाही. परक्याकडून विचार आयता घेण्यात आहे. यंत्राबाबतही हाच विवेक हवा. संदर्भ शोधण्यास, शुद्धलेखन तपासण्यास त्याचे साहाय्य खुशाल घ्यावे. निष्कर्ष मात्र आपला असावा.

उपाय अवघड नाहीत. टिपणे, आराखडा आणि पहिला खर्डा यांनाही गुण असावेत. निबंध दिल्यावर दहा मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत. वर्ग मोठे, प्राध्यापक अपुरे, ही अडचण खरी आहे. तेव्हा चार निबंधांऐवजी एकच लिहून घ्यावा, पण तो तीनदा लिहून घ्यावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीऐवजी चिकित्सक विचारावर भर दिला आहे. त्याची कसोटी येथेच लागेल.

घरानेही आपला वाटा उचलावा. 'किती गुण मिळाले?' याआधी 'तुझे म्हणणे काय?' असे आईवडिलांनी विचारावे. कार्यकर्त्यांनी अभ्यासमंडळात तरुणांना स्वतःचा खर्डा वाचू द्यावा आणि आक्षेपांना सामोरे जाऊ द्यावे. आपल्याच विचाराचा निबंध कोणी उतरवून आणला, तर त्याचेही कौतुक करू नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही अभिमानाची गोष्ट. परंतु भाषा मोठी होते ती तिच्यातून स्वतंत्रपणे विचार करणाऱ्यांमुळे. उसन्या वाक्यांवर पदवी मिळेल. राष्ट्राचा बौद्धिक संसार उसनवारीवर चालत नाही.